मागील बाकी

एप्रिल उजाडला की आमच्या घरात पाऱ्याचा जप सुरू होतो. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या अंशांच्या वर सलग ठरलेले दिवस राहिला तर भरपाई मिळते. मधे एक दिवस घसरला की मोजणी पुन्हा शून्यापासून. त्या वर्षी पारा चढला, चढत राहिला, आणि दिवस भरत आले असताना एका दुपारी कुठूनसे ढग आले. हे अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत म्हणाले, "गेलं." सगळं मुक्ताईनगर त्या संध्याकाळी म्हणत होतं, आज जरा बरं वाटतंय. आमच्याच घरात गारवा आला म्हणून सुतक.

जेवताना नववीतल्या मुलाने विचारलं, "आई, पण हे एवढं तापतं कशामुळे?"

मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. वीस वर्षं खतावण्या लिहिल्या, ताळेबंद जुळवले. आकड्याच्या बाबतीत मला कोणी अडवत नाही. पण हा प्रश्न आकड्यांचा नव्हता, म्हणून मी ठोकून दिलं, "वर ओझोनला भोक पडलंय ना, त्यातून ऊन आत येतं." पोरगं हसलं. "ओझोन वेगळं, आई. ते अतिनील किरणांचं. हे कार्बन डायऑक्साइडचं." आबा, म्हणजे माझे सासरे, वाटीतली शेवभाजी संपवत म्हणाले, "एदलाबादले मे महिन्यात कधी थंडी होती रे? आमच्या लहानपणीबी भट्टीच होती." आमच्या गावाचं जुनं नाव त्यांच्या तोंडून अजून सुटत नाही.

त्या रात्री मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही, मुलालाही आणि आबांनाही. तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

आबांचा मुद्दा मला पटत होता. खान्देश तापतो हे काही नवीन नाही. मी वाचायला लागले तर पहिलाच आकडा निराशाजनक. सन १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. एवढंच? आमच्याकडे सकाळी सहा आणि दुपारी दोन यांच्यात वीस अंशांचा फरक असतो, आणि जग शून्य पूर्णांक सातसाठी परिषदा भरवतंय! दोन दिवस मी या आकड्यावर रुसून बसले. मग कामावर असताना डोक्यात उजेड पडला. ठेवींचा दर अर्ध्या टक्क्याने हलला तर एका आजीबाईंच्या पासबुकात फरक दिसतही नाही, पण आमच्या ताळेबंदात त्याने काय हाहाकार होतो ते मला विचारा. सरासरी ही सगळ्या ठेवींवर लागते. रात्र, दिवस, समुद्र, डोंगर, जानेवारी, मे, सगळ्यांवर. आणि सरासरी जराशी सरकली की टोकाचे दिवस, म्हणजे आम्ही ज्यांचा जप करतो ते, कितीतरी जास्त वेळा येतात.

मग प्रश्न 'कशामुळे' हा. पुस्तकं म्हणतात, सूर्याची उष्णता जमिनीवर येते, जमीन ती अदृश्य किरणांच्या रूपात परत वर टाकते, आणि हवेतले काही वायू ती वाटेत अडवतात. वाक्य पाठ झालं, समजलं काहीच नाही. अदृश्य किरण म्हणजे काय? ते गच्चीवर कळलं. मे महिन्यात रात्री दहाला आम्ही गाद्या घेऊन वर जातो. तेव्हा ऊन नसतं, दिवा नसतो, पण स्लॅबवर वाकून तोंड नेलं तर गालाला आच लागते. स्लॅब दिवसभर घेतलेलं परत टाकत असतो. तीच ती अदृश्य किरणं. पृथ्वी म्हणजे एक मोठा स्लॅब, आणि तिची ही रात्रीची आच जर विनाअडथळा आकाशात निघून गेली असती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. म्हणजे अडवणारे वायू हे मुळात आपले उपकारकर्तेच.

हे यांना सांगितलं तर म्हणाले, "यात नवीन काय आहे? आभाळ असलं की चरका बसत नाही." बरोबर. थंडीत निरभ्र रात्री केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकतो. ढगाळ रात्री पारा तेवढा उतरत नाही, कारण ढग जमिनीची आच परत खाली लोटतात. आमच्या भागातल्या प्रत्येक केळीवाल्याला हरितगृह परिणाम माहीत आहे, फक्त त्याला हे नाव कोणी सांगितलेलं नाही.

सन १८५६ मध्ये यूनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळ्या हवा भरून उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइड भरलेलं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी हे मोजमापासकट दाखवलं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, ज्यांनी हवा जवळजवळ सगळी भरलेली आहे, ते या आचेला अडवतच नाहीत. अडवते ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन ही किरकोळ मंडळी. एका बाईने हे घरगुती सामानात करून दाखवलं म्हटल्यावर मलाही चेव आला. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत खाण्याचा सोडा आणि लिंबू टाकून वायू भरला, दुसरीत साधी हवा. घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर आत सोडला आणि बाटल्या गच्चीवर ठेवल्या. दहा मिनिटांनी बघते तर पारा टोकाला जाऊन बसलेला. दुसऱ्या बाटलीतही तेच. मग लक्षात आलं, तो थर्मामीटर १०८ फॅरनहाइटला संपतो, म्हणजे जेमतेम ४२ सेल्सिअस. माणसाच्या तापासाठी बनवलेलं ते यंत्र आमच्या मे महिन्याला पुरत नाही. विज्ञानाचा माझा प्रयोग तिथेच संपला.

माझ्या जातीचा माणूस मला या गोष्टीत पुढे भेटला. स्वीडनचे स्वान्ते अर्हेनियस. यांनी १८९६ मध्ये नुसती कागद-लेखणी घेऊन महिनोन्‌महिने गुणाकार केले आणि सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपासचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी, संगणकाशिवाय, हातचे धरून केलेला हिशेब आणि चूक एवढीच! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

आणि दुसरे चार्ल्स कीलिंग. यांनी १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दहा लाख कणांत तो ३१५ होता. आता ४२० च्या वर आहे. त्या मोजणीचा आलेख मी पाहिला आणि मला तो खतावणीसारखा वाचता आला. दर वर्षी मे महिन्यात रेघ वर, सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात पानं धरतात तेव्हा वायू शोषतात, पानं गळून कुजली की परत देतात. जमा आणि नावे, जमा आणि नावे. पण वर्षअखेरची शिल्लक दर वर्षी आधीच्या वर्षाहून जास्त. आम्ही पान उलटताना वरच्या ओळीत लिहितो ना, 'मागील बाकी', ती प्रत्येक पानावर फुगत जातेय. आपण सोडलेल्यातला अर्ध्याच्या आसपास भाग समुद्र आणि जमीन पचवतात. उरलेला वर साठतो आणि त्यातला काही शेकडो-हजारो वर्षं तिथेच राहतो. म्हणजे या वर्षी आपण थोडं कमी सोडलं तर बाकी कमी होत नाही, फक्त जरा हळू वाढते. हे समजायला मला तीन आठवडे लागले. तोवर मला वाटायचं, सगळ्यांनी धूर निम्मा केला की ऊनही निम्म्याने उतरेल.

एवढं सगळं वाचण्यामागचं खरं कारण आता सांगते. मला स्वतःचा हिशेब मांडायची खुमखुमी आली होती. कार्बन पदचिन्ह म्हणतात, म्हणजे आपल्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा. एक जुनी रोजकीर्द घेतली, त्यावर मुलाने स्केचपेनने 'धूरखाते' लिहिलं, आणि पहिल्याच नोंदीला मी आडवी झाले. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलो माल आत टाकला आणि सव्वादोन किलो बाहेर निघाला! असा ताळेबंद माझ्यासमोर कोणी आणला असता तर मी त्याला ऑडिटरकडे पाठवला असता. दोन दिवस मला ती छापण्यातली चूकच वाटत होती. मुलाने पाटीवर मांडून दाखवलं: पेट्रोलमधल्या कार्बनच्या १२ भागांना जळताना हवेतल्या ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात, होतात ४४. वाढीव माल हवेतून येतो. खातं जुळलं.

मग गाडी पळायला लागली. मोटारसायकल महिन्याला दहा लिटर, वर्षाला २७६ किलो. गॅसचं १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे सुमारे ४२ किलो धूर. वर्षाला नऊ सिलिंडर, ३८० किलो. घरची वीज वर्षाला १,८०० युनिट. देशाच्या वीजजाळ्यात कोळसा, पाणी, ऊन, वारा सगळं मिसळून एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास पडतो, म्हणजे १,२६० किलो. सहा माणसांचं घर आणि दोन टनांच्या आतच. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन, जगात पावणेपाच, अमेरिकेत चौदा. आम्ही सहा जण मिळून एका सरासरी भारतीयाइतके! मी फुशारकीत वही सगळ्यांना दाखवली.

"आणि वरच्या मजल्याचं सिमेंट?" यांनी विचारलं. ते मी धरलंच नव्हतं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीमागे तीस किलोहून जास्त धूर, आणि गंमत म्हणजे त्यातला मोठा वाटा भट्टीच्या जळणाचा नाही, चुनखडी तापून फुटते तेव्हा तिच्या पोटातूनच तो वायू निघतो. दोनशे गोण्या. एका झटक्यात सहा टन. म्हणजे घरखर्चाची तीन वर्षं त्या एका स्लॅबमधे पुरलेली, आणि त्याच स्लॅबची आच रात्री गालाला लागते.

"आणि शेत?"

शेत धरायचं की नाही यावर दोन दिवस वाद. मी म्हटलं, धरू. नसतं धरलं तर बरं झालं असतं.

आमच्या विहिरीवर पाच एच.पी.ची मोटर आहे. पावणेचार किलोवॅट म्हणतात, पण जुन्या मोटरीचं गळतं धरून चार. थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री एकला वीज आली म्हणून कोण शेतात जाणार? इतर तालुक्यांत लोक साप-विंचवाला भितात. आमच्या तालुक्यात डोलारखेडा-वढोद्याकडच्या केळीत वाघ राहतात, आणि ही म्हण नाही, खरे पट्टेरी वाघ. म्हणून सगळ्यांसारखा आमच्या स्टार्टरलाही 'ऑटो' बसवलेला. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. झोप शांत. पण ठिबकला लागतात तीन-साडेतीन तास, आणि मोटर चालते वीज असेल तितके, म्हणजे आठ. आठ तास, चार किलोवॅट, वर्षाचे अडीचशे दिवस. आठ हजार युनिट. पाच टन सहाशे किलो.

मी तो गुणाकार तीनदा केला. घरातले दिवे बंद करा म्हणून पोरांच्या मागे लागणारी मी, आणि शेतात माझ्या सगळ्या घराच्या चौपट वीज एका डब्याच्या मर्जीवर वाहत होती.

मग युरिया. हे तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. खताला कुठे धूर असतो? असतो. जमिनीत घातलेल्या नत्राचा साधारण शंभरावा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. वासही येत नाही, दिसतही नाही, पण आच अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट जोरकस. पंचेचाळीस किलोच्या गोणीचा हिशेब लावला तर तो ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. युरियातून थेट सुटणारा कार्बन डायऑक्साइड ३३ किलो वेगळा. कारखान्यात तो बनताना झालेलं तर यात धरलेलंच नाही. आमची दोन एकर, साडेतीन हजार झाडं, वर्षाला ४८ गोण्या. ४८ गुणिले १२२. पाच टन साडेआठशे.

कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्राची आहे, आणि ठिबकमधून दिलं तर त्यातही बचत होते. आम्ही नुसत्या युरियातून २८४ ग्रॅम देत होतो. का? गोणी २६६ रुपयांना मिळते म्हणून. शेजारच्याने टाकलं म्हणून. केळीचं पान जरा फिकं दिसलं की हात गोणीकडे जातो म्हणून.

आणि शेवटी म्हैस. रवंथ करणारी जनावरं ढेकरांतून मिथेन सोडतात. (मला शेपटीकडून वाटत होतं, नाही, तोंडाकडून.) एका म्हशीचा ढोबळ आकडा वर्षाला ५५ किलो. मिथेन सत्तावीसपट धरला की दीड टन. सासूबाई गोठ्यातून हात धूत येत होत्या, त्यांच्या कानावर हे पडलं. "काय करू राह्यली व तू? म्हशीनं ढेकरबी नाही द्यावा का मंग?" मी समजावलं की मिथेन वर बारा-एक वर्षंच टिकतो, तो चालू खात्यासारखा, कार्बन डायऑक्साइडसारखी कायमची बाकी नाही. त्या म्हणाल्या, "मंग लिहू नको." आजही ती नोंद पेन्सिलीने आहे.

गोंधळ इथे संपला असेल असं मला वाटलं होतं. मग डिसेंबरात भरीत पार्टी आली. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर बामणोदची वांगी, बाजूला कळण्याच्या पुऱ्या, आणि धूर असा की पलीकडचं केळीचं पीक दिसेना. मी वही आठवून अस्वस्थ. एवढा धूर कोणाच्या नावे टाकू? पाहुण्यांत एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. ते म्हणाले, "पऱ्हाटीत कार्बन कुठून आला? यंदाच्या हवेतून. जूनमध्ये घेतला, डिसेंबरात परत दिला. व्यवहार वर्षातच मिटला. दीपनगरच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा. ते मुदत ठेव मोडणं आहे. ती मोडून बाजारात आणलेला पैसा परत ठेवीत जात नाही." डोळ्यांत गेलेला धूर, छातीला होणारा त्रास, काजळी, हे सगळं खरं आहेच, पण बाकीच्या रकान्यात पऱ्हाटी जवळजवळ शून्य. त्या क्षणी मला धूर आणि कार्बन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळलं. आमच्या चुलीला धूर दिसतो. मोबाइल चार्जरला, मोटरीला, युरियाला दिसत नाही.

सिमेंट सोडून एका वर्षाची बेरीज पंधरा टनांच्या जवळ गेली. मोठी की लहान? भुसावळला जाणारी एस.टी. वरणगाव सोडून पुढे गेली की दीपनगरच्या चिमण्या दिसतात. महानिर्मितीच्या त्या केंद्रात पाचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, ६६० चा नवा उभा राहिला आहे. एस.टी.च्या खिडकीत बसून मी हिशेब केला. पाचशेचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर पाच लाख युनिट. कोळशाच्या विजेला युनिटमागे ०.९ किलो धरले तरी तासाला ४५० टन. मिनिटाला साडेसात. आमचं घर, शेत, म्हैस, मोटारसायकल, सगळ्यांचं वर्ष म्हणजे त्या एका चिमणीची दोन मिनिटं.

एस.टी. पुढे गेली आणि माझा सगळा उत्साह मागेच राहिला. कशाला ही वही? त्यात असंही वाचलं की 'कार्बन पदचिन्ह' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तोच मुळी एका तेल कंपनीने. ब्रिटिश पेट्रोलियमने २००४-०५ च्या सुमारास मोठी जाहिरात मोहीम चालवली आणि तुमचा तुम्ही हिशेब करा म्हणून लोकांच्या हातात गणनयंत्र दिलं. म्हणजे सावकारानेच ऋणकोला वही दिली आणि स्वतःचं पान फाडून ठेवलं! आजवर हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बाकीत एकट्या अमेरिकेचा वाटा चौथा हिस्सा, भारताचा शेकडा तीन-चार. बाकी त्यांची, व्याज आमच्या केळीवर. पतसंस्थेत असला प्रकार झाला असता तर वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या असत्या.

आणि आमच्या नावे लिहिलेलं तरी खरंच आमचं का? केळी आम्ही खातो किती? आमची केळी सावदा-रावेरच्या रस्त्याने दिल्लीला जाते. तिथे कोणीतरी सकाळी एक केळं सोलतो. युरिया त्याचा, मोटर त्याची, पाणी त्याचं. पुस्तकांत दोन्ही पद्धती आहेत. उत्पादकाच्या नावे लिहा किंवा खाणाऱ्याच्या. फक्त एकच रक्कम दोघांच्या नावे टाकू नका. मी दुसरी पद्धत घेतली असती तर माझं शेताचं पान एकदम कोरं झालं असतं. हे म्हणालेही, "दिल्लीवाल्याच्या नावे टाक आणि झोप."

पण रक्कम खोडून दुसऱ्याच्या पानावर नेली तरी आठ तास मोटर चालतेच ना. मला खटकत होतं ते हे. दीपनगर माझ्या हातात नाही, आणि ती चिमणी कोणा परक्याचीही नाही. आमच्या मोटरीसाठीच ती जळते. आमच्या आठपैकी साडेचार तासांतून एक केळंही जास्तीचं येत नव्हतं. दिल्लीवाल्यालाही नाही, आम्हालाही नाही. उलट जास्तीच्या पाण्याने युरिया मुळांखाली वाहून जातो, आणि चिंब जमिनीत नायट्रस ऑक्साइडही जास्त सुटतो. धूर जागतिक असेल, उधळपट्टी आमच्याच बांधावरची होती.

माती तपासून घेतली. नत्र भरपूर निघालं. यंदा ४८ च्या जागी ३६ गोण्या, त्याही ठिबकमधून थोड्या थोड्या. पहिले दोन महिने हे रोज केळीच्या पानाकडे असे बघत होते जसा मुलाच्या निकालाकडे बाप बघतो. पान हिरवं राहिलं. वाचलेल्या बारा गोण्या म्हणजे दीड टनाला थोडं कमी. सासूबाईंना सांगितलं, म्हैस फिटली.

घरातले दोन जुने पंखे, ७५ वॅटवाले, काढून २८ वॅटचे लावले. वर्षाला चारशेच्या आसपास युनिट वाचतात, म्हणजे नेमकी मोटारसायकलच्या पेट्रोलएवढी नोंद. एसी घ्यायचा घाट मुलीने घातला होता. आमच्या कोरड्या हवेत कूलर दीड युनिटात रात्र काढतो, एसीला आठ-दहा लागतात. शिवाय एसीतला वायू निसटला तर तो पुन्हा वेगळाच प्रकार. जुन्या यंत्रातल्या आर-२२ चा एक किलो म्हणजे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. कूलर राहिला. मुलगी अजून नीट बोलत नाही. वाऱ्याच्या बाजूने बांधावर शेवरी लावली. तिचा धूरखात्याशी फारसा संबंध नाही. गरम वाऱ्याने पानं फाटतात, घड करपतात, त्याची ती आडभिंत. वहीत तिला जागा नाही, शेतात आहे.

केळीचे खांब आम्ही बांधावर फेकायचो, ते आता तुकडे करून सरीतच कुजवतो. झाडं लावून पैसे मिळवून देतो म्हणणारा एकजणही येऊन गेला. कागदावर सही हवी होती. तो करार किती वर्षांचा आणि झाड मेलं तर कोणाचं, हे दोन प्रश्न विचारले. पुन्हा आला नाही.

राहिला तो ऑटोचा डबा. आधी टायमर बसवला. तीन तासांनी मोटर बंद. छान. पण वीज रात्रीतून चारदा गेली-आली की टायमर दर वेळी नव्याने एकपासून मोजतो. विम्याच्या दिवसांसारखंच. एका रात्री त्याने सात तास काढले. मग मोबाइलवर चालणारा स्टार्टर आणला. फोन लावायचा, कोणती कळ दाबली की सुरू, कोणती की बंद, एवढं पाठ करायचं. शेतात रेंज दोन काड्यांची, त्यामुळे कधी पहिल्या फोनला लागतो, कधी पाचव्या. सौर पंपासाठी अर्ज केला आहे. आबा म्हणतात, "आमच्यावेळी मोट होती. बैल झोपले की पाणी बंद."

मुक्ताईच्या पालखीने पंढरपूरला प्रस्थान ठेवलं त्या आठवड्यातली गोष्ट. कोथळीच्या वाटेवर सकाळी आठलाच डांबर तापलेलं, आणि माणसं शेकडो किलोमीटर चालायला निघालेली. दिवसभर पाणी वाटून आम्ही थकून गच्चीवर पडलो होतो. स्लॅब नेहमीसारखा आच टाकत होता. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती यांच्या फोनच्या प्रकाशाने. उठून बसले होते, फोन कानाला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग फोन खाली ठेवला आणि अंधारातच मला म्हणाले, "लिही. तीन तास वीस मिनिटं."

"सकाळी लिहिते."

"विसरशील."

मी मोबाइलच्या उजेडात सिलिंडरच्या पावतीच्या पाठीवर आकडा लिहिला आणि उशीखाली ठेवला.